पावसाळ्यात एअर पिस्तूल कसं जपायचं

गोव्यात जून लागला की कपाटातल्या चामडी चपलांना बुरशी येते, मग ४.५ मिमीच्या पिस्तुलाची नळी कशी सुटणार, म्हणून आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढाच.

आधी पिस्तुलाचं तोंड सेफ बाजूला ठेवून ब्रीच (नळीचं मागचं टोक, जिथे छर्रा भरतात) उघडा, आत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा, दाबाच्या हवेचा सिलिंडर काढा, मगच कापड हातात घ्या. नळीतून फेल्ट (साफ करायचा लोकरी बोळा) ब्रीचकडून तोंडाकडेच ओढायचं, उलटं नको, तोंडाची कड घासली तर ग्रुपिंग, म्हणजे छर्रे एकाच जागी जवळजवळ लागणं, गेलंच समजा. बाहेर घामाचे डाग पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, पण सिलिंडरच्या व्हॉल्व्हजवळ नि हवेच्या वाटेत साधं तेल अज्जिबात नको, २०० बार प्रेशरला ते पेटू शकतं, प्लीज हे मनावर घ्या. सिलिंडरवरची तारीखपण बघा, मुदत संपली असेल तर कितीही नवा दिसला तरी भरू नका.

केसमधला फोम दमट राहतो, तिथे सिलिका जेल ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

आणि छर्रे शिशाचे असतात, साबणाने हात धुतल्याशिवाय पोळीभाजीला हात लावायचा नाही, पोरांनापण हीच सवय लावा.