त्रैक्याचा वाद शिकायचा असेल तर आधी प्रार्थना ऐका

धर्मशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आलेली मुलं, किंवा तत्त्वज्ञानात एम.ए. करता करता या विषयाकडे वळलेली मंडळी मला हमखास विचारतात, ‘सर, त्रैक्य एकदाचं समजेल असं एखादं सोपं पुस्तक सांगा ना.’ त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा हे तिघे, तरी देव एकच, ही ख्रिस्ती शिकवण. माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. पुस्तक नंतर. आधी काही रविवार पुण्यातल्या वेगवेगळ्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसा. प्रार्थना कोणाला उद्देशून सुरू होते, कोणाच्या नावाने संपते, बाप्तिस्मा कोणाच्या नावाने देतात, मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) म्हणतात का, म्हणत असतील तर कोणता, एवढं वहीत टिपून आणा.

मी मराठी ख्रिस्ती घरातला, बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) पुण्यातच केलं, आणि आता कॅम्पात संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतो. इतकी वर्षं शिकवून माझं एक मत पक्कं झालंय. त्रैक्याची भांडणं वरवर ग्रीक तत्त्वज्ञानाची वाटतात, पण खाली उतरून बघाल तर बहुतेक वेळा प्रश्न उपासनेचा असतो. येशूपुढे गुडघे टेकायचे की नाही? टेकायचे तर कोण म्हणून? हा धागा हातात असला की चौथ्या शतकातलं रणकंदनही कळतं आणि आपल्या गल्लीतल्या दोन मंडळ्यांचं का जमत नाही तेही कळतं.

सुरुवात अर्थातच आरियसपासून. हा अलेक्झांड्रियातला वडीलधारा धर्मगुरू. पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा, सगळ्यांत श्रेष्ठ, हे त्याला मान्य होतं. पण पुत्राला आरंभ आहे, पित्याला नाही, हे त्याचं म्हणणं. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो खलनायक होऊन येतो आणि मुलं त्याला दोन ओळींत निकालात काढतात. तसं करू नका. त्याच्याकडे वचनं होती: योहान १४:२८, ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’, नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातलं ज्ञान, ज्याला ग्रीक बायबलप्रमाणे परमेश्वराने ‘निर्माण केलं’, कलस्सैकरांस पत्रातला ‘ज्येष्ठ’, म्हणजे प्रथम जन्मलेला. देव एकच, या शिकवणीला धक्का लागू नये ही त्याची धडपड होती आणि ती क्षुल्लक नव्हती. दुसऱ्या बाजूला पुढे अलेक्झांड्रियाचाच बिशप झालेल्या अथनासियसचा युक्तिवाद अगदी सरळ. पुत्र जर निर्माण केलेला असेल, तर आपण ख्रिस्ती लोक रोज एका निर्मितीची पूजा करतोय. मग मूर्तिपूजकांना नावं कोणत्या तोंडाने ठेवायची? आणि जो स्वतः निर्मिती आहे तो निर्मितीला तारणार कसा?

सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२५ साली नायसियाला परिषद बोलावली. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असं ठरलं. सिकुंदुस आणि थिओनास या लिबियाच्या दोन बिशपांनी शेवटपर्यंत सही केली नाही आणि आरियसबरोबर तेही हद्दपार झाले. इथे बहुतेक विद्यार्थी वही मिटतात. खरी मजा पुढे आहे. परिषदेनंतर जवळजवळ अर्धं शतक पारडं खाली-वर होत राहिलं. अथनासियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. खुद्द कॉन्स्टंटाईनने ३३७ साली मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला तो निकोमेडियाच्या युसेबियसकडून, म्हणजे आरियसच्या पाठीराख्याकडून! ‘नायसियाला सगळं ठरलं’ असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याचे मी गुण कापतो.

आणखी एक लक्षात ठेवा. आरियसचं स्वतःचं लेखन फार थोडं उरलंय: काही पत्रं, बाकीचे तुकडे विरोधकांनी खोडून काढण्यासाठी उद्धृत केलेले. हरलेल्याची बाजू आपण जिंकणाऱ्याच्या तोंडून ऐकतोय. वाचताना समासात प्रत्येक ठिकाणी ‘हे कोण सांगतंय?’ असं पेन्सिलीने लिहायची सवय लावून घ्या.

संडेस्कूलमध्ये शिकवलेला पाणी-बर्फ-वाफ हा दृष्टांत मात्र पहिल्याच दिवशी दाराबाहेर ठेवून या. एकच पाणी कधी बर्फ, कधी वाफ, तसा एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा, हे थेट सबेलियसचं मत झालं आणि चर्चने ते तिसऱ्या शतकातच नाकारलं. येशू गेथशेमाने बागेत प्रार्थना करतो ती मग कोणाला, स्वतःलाच? तोंडी परीक्षेत हा दृष्टांत सांगणारे निम्मेअधिक विद्यार्थी पुढच्या प्रश्नाला गप्प होतात. शेजारच्या काकू ‘म्हणजे आमच्या ब्रह्मा-विष्णू-महेशांसारखंच ना?’ असं विचारतात तेव्हाही घाईने मान हलवू नका आणि घाईने वादही घालू नका. उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामाची वाटणी त्रैक्यात नाही. प्रत्येक काम तिघांचं मिळूनच, असा परंपरेचा आग्रह आहे. त्यापेक्षा बंगाली कॅथलिक विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ साली धरलेली सच्चिदानंदाची वाट जास्त विचार करण्यासारखी आहे: सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे आत्मा. त्यांचं संस्कृत स्तोत्र आजही भारतीय कॅथलिक उपासनेत गातात. माझ्या मते त्यातही पुत्राचं ‘व्यक्ती’पण जरा पातळ होतं, पण यावर आमच्या वर्गात दर वर्षी वाजतं आणि वाजू द्यावं.

पवित्र आत्म्याचा वाद नवख्यांना शेपटासारखा वाटतो, म्हणून ते तो गाळतात. उपासनेचा मुद्दा सगळ्यांत उघड दिसतो तो इथेच. कैसरियाचा बिशप बसिल उपासनेत गौरवगीत दोन तऱ्हांनी म्हणायचा. कधी ‘पित्याला, पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यामध्ये गौरव असो’, तर कधी ‘पित्याला, पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’. दुसरी तऱ्हा ऐकून काही मंडळी चिडली: आत्म्याला पित्याच्या पंगतीला बसवतोस काय? त्या कुरबुरीला उत्तर म्हणून बसिलने आत्म्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. पुढे ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनंतरच्या मतांगीकारात आत्म्याबद्दल जे आलं तेही याच बाजाचं आहे: पिता व पुत्र यांच्याबरोबर ज्याची उपासना व गौरव होतो तो.

आता वहीतली रविवारची टिपणं काढा. पुण्यातल्या कॅथलिक किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या उपासनेत नायसियाचा मतांगीकार (या नावाने म्हणतात तो ३८१ च्या परिषदेशी जोडलेला हाच मजकूर) म्हटला तर आत्मा ‘पिता व पुत्र यांपासून’ निघतो असं ऐकू येईल. मल्याळी ऑर्थोडॉक्स मंडळीत गेलात तर ‘पित्यापासून’ एवढंच. ‘व पुत्र’ ही भर पश्चिमेकडची. स्पेनमध्ये ५८९ च्या तोलेदो परिषदेच्या सुमाराला ती रुजली. नवव्या शतकाच्या सुरुवातीला पोप तिसरा लिओ याला ती शिकवण मान्य होती, पण मतांगीकाराला हात लावणं मान्य नव्हतं. त्याने मूळ मतांगीकार, भर न घालता, चांदीच्या पत्र्यांवर ग्रीक आणि लॅटिनमध्ये कोरून रोमला लावला. तरी १०१४ साली रोमच्या उपासनेत ती भर आलीच, आणि १०५४ च्या पूर्व-पश्चिम चर्चच्या फाटाफुटीत पूर्वेकडच्यांच्या तक्रारींत तीही होती. एवढ्याशा भरीवरून हजार वर्षं अबोला? पूर्वेकडच्यांची बाजू समजून घ्यायची तर दोन गोष्टी वेगळ्या करा: शिकवण चूक आहे ही एक तक्रार, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेला मजकूर एकाने परस्पर बदलला ही दुसरी. सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त सेक्रेटरीने मागाहून बदललं तर पुण्यात काय होतं ते सांगायला नको.

सोळाव्या शतकाकडे वळताना सर्वेटसला वेळ द्या. स्पेनचा वैद्य, फुप्फुसातून रक्त कसं फिरतं हे युरोपात छापून सांगणारा पहिला. त्रैक्याची रूढ मांडणी बायबलमध्ये नाही असं त्याने १५३१ साली लिहिलं. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात त्याला जिवंत जाळलं, आणि तेही प्रॉटेस्टंटांनी. तिथला सुधारक धर्मनेता कॅल्विन याने शिरच्छेद सुचवला होता, ती त्यातल्या त्यात दया. जळताना तो ‘चिरंतन देवाच्या पुत्रा येशू, माझ्यावर दया कर’ असं ओरडला म्हणतात. ‘देवाच्या चिरंतन पुत्रा’ म्हणाला असता तर जीव वाचला असता असं सांगतात. पण बघा, त्रैक्य नाकारणारा माणूसही शेवटी प्रार्थना करतोय ती येशूलाच.

नाकारणाऱ्यांत पुढे फूट पडली तीही याच मुद्द्यावर. ट्रान्सिल्व्हेनियात १५६८ साली तोर्दाच्या फर्मानाने प्रवचनाचं स्वातंत्र्य दिलं, त्यामागे फेरेन्त्स दाविद हा युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारा, धर्मगुरू होता. पण येशू देव नसेल तर त्याची प्रार्थनाही नको, इथपर्यंत दाविद गेला, तेव्हा त्याच्याच गोटातल्यांनी त्याची समजूत घालायला सोसिनुस या त्रैक्य न मानणाऱ्याच इटालियन विचारवंताला बोलावून घेतलं. जमलं नाही. दाविद १५७९ साली देव्हाच्या किल्ल्यात कैदेत मेला.

पेंटेकॉस्टल मंडळ्यांतला वाद अजून ताजा आहे. १९१३ साली लॉस एंजेलिसजवळच्या एका शिबिरात कोणीतरी लक्ष वेधलं की प्रेषितांची कृत्ये वाचली तर बाप्तिस्मा येशूच्या नावाने दिलेला दिसतो, मत्तय २८:१९ मधल्या तीन नावांनी नाही. वर्षभरात लोक पुन्हा बाप्तिस्मा घेऊ लागले, आणि १९१६ साली असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेने त्रैक्याची बाजू घेतल्यावर ‘फक्त येशू’वाले वेगळे झाले. अशा विचाराची माणसं तुम्हाला पुण्यातही भेटतील. त्यांच्याशी बोलताना ‘पाखंड’ हा शब्द खिशातच ठेवा, आणि त्यांना बाप्तिस्म्याबद्दल विचारा. ते भरभरून बोलतात.

आता पुणेकरांसाठी खास. त्रैक्याच्या वादातला एक उत्तम दस्तऐवज आपल्याच माणसाचा आहे: पंडिता रमाबाई. पुण्यात आर्य महिला समाज काढून त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे बाप्तिस्मा घेतला. या सिस्टर्सचं काम इकडे पंचहौदला चालूच होतं. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्रैक्य, येशूचं देवत्व, कुमारीच्या पोटी जन्म: बायबलात स्पष्ट दिसत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. सिस्टर जेरल्डीन यांना त्या पत्रात ‘आजीबाई’ म्हणतात, आणि त्याच मायेच्या पत्रांतून तर्काचे असे वार करतात की आजीबाईंना त्यात गर्व दिसू लागतो. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र शांतपणे मुद्द्याला मुद्दा देतात. पुढे रमाबाईंची भूमिका बदलली, केडगावच्या मुक्ती मिशनच्या काळात हा विरोध उरलेला दिसत नाही. पण १८८५ च्या आसपासची पत्रं वाचाच. जेरल्डीनबाईंनी जपलेला हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला. ‘धर्म बदलला म्हणजे डोकं गहाण टाकलं’ असं मानणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींना तो वाचायला द्यावा असं मला फार वाटतं.

याच्या जोडीला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे घ्या. युनिटेरियन शिष्यवृत्तीवर ते १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांशी प्रार्थना समाजाचं इतकं का जुळलं, हा प्रश्न पुण्यात बसून अभ्यासण्यासारखा आहे. त्याआधीची कडी बंगालची: राममोहन रॉय यांच्याबरोबर बायबलच्या भाषांतराला बसलेला बाप्टिस्ट मिशनरी विल्यम अ‍ॅडम १८२१ साली स्वतःच युनिटेरियन झाला. पटवायला गेला आणि पटवून घेऊन आला!

व्यवहाराचं थोडं. रामवाडीला ज्ञानदीप (आधीचं ज्ञानदीप विद्यापीठ) आणि पेपल सेमिनरी, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी. पहिली दोन कॅथलिक, तिसरी प्रॉटेस्टंट. ग्रंथालय वापरायचं असेल तर आधी फोन करा, कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवा. दोन्हीकडे जायला हवं, कारण एका बाजूच्या शेल्फवर ऑगस्टीन आणि अक्वायनस भरभरून, तर दुसऱ्या बाजूला सुधारणा चळवळ आणि आजचे इव्हँजेलिकल वाद.

ग्रीक किती लागतं? पहिल्या वर्षाला अक्षरं वाचता आली आणि शब्दकोश चाळता आला तरी भागतं. पण मजकुराची पारख लवकर शिका. १ योहान ५:७ मधलं ‘स्वर्गात साक्ष देणारे तीन’ हे वाक्य जुन्या इंग्रजी बायबलात आहे, आजच्या भाषांतरांत बहुधा नाही. इरॅस्मस या विद्वानाने ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घेतलं. न्यूटनने यावर लिहून ठेवलं आणि हयातीत छापू दिलं नाही. त्रैक्याच्या बाजूने बोलताना या वचनावर विसंबाल तर दारात आलेला, त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचा यहोवाचा साक्षीदार तुम्हाला पाच मिनिटांत गुंडाळेल. त्याला ते माहीत असतं.

प्रबंधिकेसाठी विषय शोधत असाल तर एक सुचवतो. आपल्या मराठी गायनपुस्तकातली गीतं घ्या आणि किती गीतं पित्याला उद्देशून आहेत, किती येशूला, किती आत्म्याला, हे एकदा नीट मोजा. आत्म्याचा रकाना भरायला तुम्हाला वेळ लागेल असा माझा अंदाज आहे. मग तो रकाना घेऊन बसिलकडे जा.