मालिकेत काका, मामा, शेजारी असे रोल करायचेत? मग हे वाचा

हौशी नाटकातले बरेच जण विचारतात की चाळिशी उलटली, आता मालिकेत चरित्र भूमिका करायच्यात तर सुरुवात कुठून करू. मी बारा वर्षं हेच करतोय म्हणून सांगतो.

फोटो साधे काढा, मेकअप नको, केस पांढरे असतील तर काळे अजिबात करू नका कारण त्या वयासाठीच तुम्हाला बोलावणारेत. सेल्फ टेप, म्हणजे ऑडिशनसाठी स्वतःच काढलेला व्हिडिओ, खिडकीच्या उजेडात करा, नाव वय उंची सांगा, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवा, झालं. ऑडिशनच्या आधी कुणी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर देऊ नका, काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन काम मिळाल्यावर असतं.

आता सेटवर. मढ किंवा घोडबंदरला सातचा कॉल असला तर डोंबिवलीवाल्याने पहाटे चारला उठायचं, आणि सीनचा कागद बऱ्याचदा मेकअपच्या खुर्चीतच हातात पडतो. तुमची वाक्यं तीनच असतात पण मास्टर, म्हणजे अख्खा सीन एकत्र दाखवणारा शॉट, झाला की क्लोजअप लागतात, रिअॅक्शन लागतात, म्हणून समोरच्याचं ऐकायला शिका, खरंच ऐका, नुसती आपल्या वाक्याची वाट बघत उभं राहू नका. आणि कंटिन्युइटी, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये हालचाल आणि कपडे तसेच्या तसे! पहिल्याच महिन्यात मी मास्टरला "बरं" म्हणून झाल्यावर चष्मा काढला आणि क्लोजअपला "बरं"च्या आधी काढला, सीन जुळेना, रात्री नऊला अख्खं युनिट परत लायटिंगला लागलं, फार वाईट वाटलं हो. तेव्हापासून कुठल्या शब्दावर हात हलला ते मी कागदावर पेन्सिलने लिहितो आणि सीन संपला की कपड्यांचा, घड्याळाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो, कारण त्याच सीनचं पॅचवर्क, म्हणजे राहिलेले तुकडे शूट करणं, आठ दिवसांनीही लागतं.

अभ्यास करायचा तर दिलीप प्रभावळकरांचे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा बघा. मालिका 2001 ची, त्यांचा जन्म 1944 चा, म्हणजे साठीही आली नव्हती, पण ते आजोबांसारखे बसतात कसे, उठतात कसे ते आवाज बंद करून बघा. मी अजूनही बघतो.

पैशाचं मात्र लेखी घ्या. पर डे किती, महिन्याला किमान दिवस किती, बारा तासांच्या वर गेलं तर काय. पेमेंट साधारण नव्वद दिवसांनी येतं म्हणून पहिले तीन महिने घरखर्चाची वेगळी सोय हवी, तोवर नोकरी सोडू नका प्लीज. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या तुमच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये दिसतोय का तेही बघत जा, माझा एका वर्षी दिसलाच नव्हता आणि फोन करकरून दमलो.

मालिकेतला तुमच्या पात्राचा ट्रॅक, म्हणजे कथेतला भाग, कधीही संपतो, कधी कधी आदल्या रात्री कळतं. नाटकाचे प्रयोग चालू असतील तर त्या तारखा करारातच लिहून द्या, मी प्रत्येक वेळी देतो आणि आजवर कुणी नाही म्हटलेलं नाहीये.