गेलेल्या माणसाचा फोन रिसेट करण्याआधी

मिरजेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या महिन्यात एक काकू काकांचा फोन घेऊन आल्या; काका जाऊन तीन आठवडे झाले होते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी नेटशिवाय चालणारं एआय टाकलंय. ते बघून म्हणाल्या, "हे मरत नाही म्हणे. मग ह्यांचं का नाही तसं करता येत?"

मी त्यांना फाइल दाखवली. मिस्ट्रल ७बी नावाचं एआय, २०२३ साली निघालेलं, आटवून ४ जीबीच्या थोडं वर. पेनड्राइव्ह ती घेईना. तो एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतला, गेली. दोन्हीकडचा हॅश, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, जुळवला, एका आकड्याचाही फरक नाही. दुकान जळालं तरी घरचं एआय हेच. माणसाची अशी फाइल निघत नाही. पण कंपनीच्या सर्व्हरवरचं एआयसुद्धा कंपनीच्या मर्जीवर जगतं. ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीतून जीपीटी-४ओ हे मॉडेल काढलं, लोकांनी बोंब मारली, तेव्हा कुठे पैसे भरणाऱ्यांना ते परत मिळालं.

काकूंना म्हटलं, माणूस नाही, पण आवाज वाचवू.

आधी सिम. ते बंद पडू देऊ नका. नंबर वारसाच्या नावावर करून घ्या. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि वापर थांबला की १२० दिवसांनी व्हॉट्सॲप खातं पुसून टाकतं.

लॉक माहीत नसेल तर घरातल्या सगळ्यांना विचारा, जुन्या डायऱ्या बघा. रिसेट मारला की आतलं सगळं जातं. माझ्या वडिलांचा फोन मीच असा साफ करून विकला, धंद्याची सवय! उरली एकच व्हॉइस नोट, माझ्या फोनवर आलेली: "पाणी आलंय. मोटर लाव. आणि टाकीचं झाकण बघ." अकरा सेकंद, शेवटी कुकरची शिट्टी.

फोन उघडला की फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, मग मीडिया, तिथून व्हॉट्सॲपच्या फोल्डरात शिरा. 'व्हॉइस नोट्स'मध्ये २०२३१५ असे आकडे दिसतील: वर्ष आणि त्यातला आठवडा. एकेक फॉरवर्ड करत बसू नका, अख्खा फोल्डर उचला. दोन प्रती करा, एक दुसऱ्या घरी ठेवा. मग निवांत ऐकून नावं द्या, कारण फाइलच्या नावातल्या 'पीटीटी' आणि तारखेवरून पुढे कुणालाच काही कळणार नाही. त्या आवाजाला एआयकडून नवं बोलायला लावणारेही येतात. मी ते काम घेत नाही.

स्वतःचंही उरकून टाका. गूगलच्या इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये खातं किती काळ बंद राहिलं की पुढची माणसं कळवायची, याची ३, ६, १२ किंवा १८ महिन्यांची मुदत लावता येते आणि दहा जणांपर्यंत नावं देता येतात. आयफोनवाल्यांनी लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्या मागे खात्यातलं बघू शकणारा माणूस, नेमावा. त्याची ॲक्सेस की (कोड) छापून रेशनकार्डासोबत ठेवावी. नंतर मृत्यूच्या दाखल्याबरोबर ती लागते.

काकांच्या नोट्स बहुतेक गिरणीतल्या निघाल्या, मागे पट्ट्याची घरघर. पेनड्राइव्ह कपाटात पडून खराब होतो, वर्षातून एकदा लावून बघा, असं काकूंना बजावलं. त्यांनी त्यासाठी पितृपक्षातली तिथी धरलीय.