विधी स्वयंसेवक व्हायचंय? मग आधी बघा सत्कार कुणाचा होतो

दिवाळीच्या आसपास ठाण्याच्या कोर्टात आमची काही वकिलांची बैठक बसते. विषय एकच, यंदा कुठल्या स्वयंसेवकांचा सत्कार करायचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन, आणि त्याच्या आगेमागे आमचा छोटेखानी कार्यक्रम. "मोफत कायदेविषयक मदतीच्या कामात यायचंय, काय करू?" असं विचारणाऱ्या लॉच्या विद्यार्थ्यांना आणि निवृत्त मंडळींना मी हल्ली या निवडीबद्दलच सांगते. या कामात चांगलं कशाला म्हणायचं, ते त्यातून लवकर कळतं.

प्राथमिक माहिती थोडक्यात देते. विधी स्वयंसेवक, म्हणजे आपण ज्यांना पीएलव्ही (पॅरा लीगल व्हॉलंटियर) म्हणतो ते, वकील नसतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली ही योजना आणली. लिहिता-वाचता येणारी, शक्यतो दहावी झालेली व्यक्ती चालते. शिक्षक, निवृत्त सरकारी कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या महिला, सनद (वकिलीचा परवाना) मिळण्याआधीचे लॉचे विद्यार्थी असे सगळे येतात. निवड झाली की प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळतं. मानधन काम दिलेल्या दिवसांचंच, त्यामुळे नोकरी समजून येऊ नका. मोफत वकील कुणाला मिळतो ते मात्र तोंडपाठ हवं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. दारात आलेल्या बाईला उत्पन्नाचा दाखला आणायला परत पाठवू नका, ही पहिली शिकवण.

आता निवडीकडे येते. शिफारशी येतात त्यांत शिबिरांचा भरणा असतो. अमुक कॉलेजात व्याख्यान, तमुक सोसायटीत जनजागृती, सोबत फोटो. शिबिरं हवीतच, त्याशिवाय लोकांना हक्क कळणार कसे? पण आमच्या बैठकीत प्रत्येक नावामागे एक प्रश्न ठरलेला असतो: मग पुढे काय झालं? शिबिरात ज्या बाईने हात वर करून पोटगीबद्दल विचारलं, तिचा अर्ज दाखल झाला का? तिला वकील मिळाला का? पहिल्या तारखेला तिच्यासोबत कुणी होतं का? याचं उत्तर ज्याच्या वहीत सापडतं, ते नाव यादीत वर जातं.

तुरुंगातलं काम बाहेर दिसत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असा समज असतो. प्रत्यक्षात जामीनदार मिळाला नाही तर आदेश फायलीत आणि माणूस आत. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सांगितलं आहे की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकांकडे जावी. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि सचिवांनी त्याला भेटायला विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगभेटीवरचे वकील पाठवावेत. पुढचं सगळं त्या पाठवलेल्या माणसाच्या चिकाटीवर असतं.

आम्ही ज्यांचा सत्कार केला त्यांतल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. आतल्या मुलाने पत्ता सांगितला तो एवढाच: दिघ्याला, पाण्याच्या टाकीमागे, मामाकडे. बाईंनी किराणा दुकानं, पिठाची गिरणी, रिक्षा स्टँड असं विचारत मामाचं घर गाठलं. मामा रबाळे एमआयडीसीत पाळीवर कामाला. त्यांनी दारातच सांगितलं, "आमचा त्याच्याशी संबंध नाही." बाई वाद न घालता निघाल्या आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा गेल्या. जामीनदार राहिलात आणि भाचा तारखेला आला नाही, तर रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. सही हवी म्हणून धोका लपवला नाही. म्हणूनच मामांचा विश्वास बसला असावा, असं मला वाटतं. रेशनकार्ड, आधार, पगाराची स्लिप असे कागद गोळा झाले. दरम्यान नेमलेल्या वकिलांना गाठून त्यांनी कॅश बेलचा, म्हणजे जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून सुटण्याचा, अर्जही करायला लावला, म्हणजे एक वाट अडली तर दुसरी मोकळी राहावी. मुलगा सुटला. त्यानंतर प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी बाईंचा त्याला फोन जायचा, "उद्या तारीख आहे, अकराच्या आत ये." मानपत्रात आम्ही या फोनचा उल्लेख मुद्दाम केला.

लोकअदालतीच्या, म्हणजे तडजोडीने प्रकरणं मिटवण्याच्या, दिवशीचं काम वेगळं. गर्दी असते, पॅनेलपुढे प्रकरणं भराभर मिटत असतात. अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी एक आकडा सांगते आणि नवरा गमावलेली बाई समोर बसलेली असते. इथे स्वयंसेवकाने तिला बाजूला घेऊन एक गोष्ट समजावलीच पाहिजे: इथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. मान्य नसेल तर नाही म्हण, तुझी केस कोर्टात चालू राहील. मिटलेल्या प्रकरणांचे आकडे सगळेच मोजतात. तिला घाई करू न देणारा स्वयंसेवक त्या आकड्यांत दिसत नाही. त्याला शोधणं हेच आमचं काम.

शोधायचं कसं? आम्ही बेंच क्लार्कना, म्हणजे न्यायाधीशांपुढे बसणाऱ्या कारकुनांना, विचारतो, प्राधिकरणाच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना विचारतो, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनाही विचारतो. चुकीच्या जागी आलेल्या माणसाला योग्य कोर्टापर्यंत कोण नेऊन सोडतं, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. नवी मुंबईच्या स्वयंसेवकांबाबत तर हे फारच महत्त्वाचं. ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, तळोजा रायगड जिल्ह्यात, तिथला अर्ज रायगडच्या प्राधिकरणाकडे. लोकांच्या दृष्टीने मात्र सगळीच नवी मुंबई. खारघरच्या घरकामगार बाईचा ठाण्याला एक फुकट हेलपाटा म्हणजे एक खाडा आणि एका दिवसाचे पैसे. तो वाचवणाऱ्याचं नाव आमच्या वहीत लगेच टिपलं जातं.

शिफारसपत्र लिहायची वेळ तुमच्यावरही येईल. "मनमिळाऊ, समाजकार्याची आवड" अशा वाक्यांनी काहीच कळत नाही. कुणाचं काय अडलं होतं, यांनी काय केलं, आणि शेवटी काय झालं, एवढं लिहा. मात्र ज्याला मदत झाली त्याची ओळख कुठेही येता कामा नये. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि लहान मुलांसाठी पॉक्सोचं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, कलम २३ आहे. कायद्याने बांधलं नसेल तिथेही आम्ही लाभार्थ्याला स्टेजवर बोलावत नाही. "यांच्यामुळे माझी केस सुटली" असं चार लोकांत सांगायला लावणं म्हणजे मदतीची किंमत वसूल करणं, असं माझं ठाम मत आहे.

सत्कार वकिलाचा असेल तर आणखी एक पथ्य. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. त्यामुळे बॅनरवर मोबाइल नंबर, "फौजदारी तज्ज्ञ" वगैरे काही नको. शाल-श्रीफळ जरूर द्या. मला स्वतःला मानपत्र जास्त मोलाचं वाटतं, साध्या मराठीत आणि मोठ्याने वाचलेलं. आणि वेळ संध्याकाळची ठेवा. घरचे लोक येऊन बसतात. आई किंवा आजोबा रोज कोर्टात जाऊन नेमकं काय करतात, हे त्यांना बऱ्याचदा तिथेच पहिल्यांदा कळतं.

ठाण्याचं प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे आणि १५१०० ही देशभराची मोफत हेल्पलाइन. नव्या निवडीची चौकशी कार्यालयात करा. लोकअदालतीच्या दिवशी जाऊ नका, कुणाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसेल. साध्या कामाच्या दिवशी जा आणि परवानगी घेऊन मदत कक्षाजवळ दुपारपर्यंत बसा. सोबत एक वही असू द्या. कोण आलं, काय विचारलं, कुठे पाठवलं, आणि चौथा रकाना पुढच्या तारखेचा.