जाळीच्या कपाटातले काडीकिडे

सासूबाईंचं दूधदुभत्याचं जाळीचं कपाट फ्रीज आल्यापासून मागच्या ओसरीवर पडून होतं. चार पाय, दोन फळ्या, तीन बाजूंनी जाळी. त्यात आता काडीकिडे, म्हणजे वाळक्या काडीसारखे दिसणारे किडे, राहतात हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी मलाच त्यात कोंडलं असतं. पण दुकानातल्या काचेच्या पेटीपेक्षा हे कपाट कितीतरी बरं. परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, गच्चीतल्या गुलाबावर दोन सापडलेत, प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेत, झाकणाला भोकं पाडलीत. आता काय करू?" म्हटलं, आधी डब्यातून काढ. बाकीचं लिहून पाठवते.

तिला दोन सापडले ते नशीब. मला पहिला दिसायला तीस वर्षं लागली. आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात, जुनं, मागे अंगण आणि अंगणात एक पेरू (इथे सगळे जामफळच म्हणतात, भाजीवाल्याशी बोलताना मीसुद्धा). रोज त्या झाडाखाली कपडे वाळत घातले, पण काडीकिडा कधी दिसला नाही. दिसला तो लाइट गेल्यावर. श्रावणातली रात्र होती. टॉर्च घेऊन विसरलेला टॉवेल आणायला गेले, तर एक काडी पान खात होती.

तेव्हा दिवसा शोधू नका. दिवसा हा प्राणी पुढचे दोन पाय डोक्यापुढे सरळ ताणून फांदीला चिकटून पडतो. त्या पायांना मुळाशी डोक्याच्या मापाची खोबण असते, म्हणजे पाय जुळले की डोकं मध्ये गडप. पावसाळ्यात, रात्री नऊनंतर, पाऊस उघडला की टॉर्च पानांच्या खालून वर मारा. कात्रीने कापल्यासारखी अर्धगोल खाल्लेली पानं दिसली की तिथेच थांबा. वारा नसताना एखादी काडी झुलत असेल, तर ती तीच. मात्र डोकं तिकोनी असेल, पुढचे पाय नमस्कारासारखे दुमडलेले असतील आणि मान वळवून तुमच्याकडे बघत असेल, तर तो प्रार्थनाकीटक. तो मांसाहारी आहे. दोघांना एकत्र ठेवलंत तर सकाळी एकच उरेल.

चिमटीत धरून ओढू नका. पाय ओढलात तर तो पाय तुमच्या हातात सोडून निघून जाईल. पिल्लाला पुढच्या कातीच्या वेळी नवा फुटतो, आधी आखूड. पूर्ण वाढलेल्याला फुटत नाही. तळहात समोर धरा आणि मागून बोट टेकवा, आपण होऊन चढतो. घाबरला तर काडीसारखा ताठ होऊन खाली पडतो, मेला समजून फेकू नका. आणि जांबुघोड्याच्या अभयारण्यात दिसला तर फोटो काढून परत या. तिथून एक किडाही उचलायला कायद्याने बंदी आहे.

आता घर. यात सगळ्यात महत्त्वाची उंची. किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी. हे मला एक पिल्लू गमावून कळलं. मी त्याला लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत ठेवलं होतं, तोंडाला मलमल बांधून. काडीकिडा मोठा होताना पाच-सहा वेळा कात टाकतो आणि ती उलटं लटकून. माझं पिल्लू अर्धं बाहेर आलं, डोकं बरणीच्या तळाला टेकलं, तिथेच वाकलं आणि वाकडंच वाळलं. दोन दिवसांनी मेलं.

कपाटात आणल्यावर मात्र मी एक कात पहिल्यापासून बघितली. पहाटेचे साडेपाच. मागचे पाय वरच्या जाळीत रोवलेले, डोकं खाली. पाठीवर, डोक्याच्या मागे बारीक चीर पडली आणि तिच्यातून फिकट हिरवं, ओलं अंग खाली घसरायला लागलं. ओल्या हातातून काचेची बांगडी जपून उतरवावी तसा एकेक पाय निघत होता. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. सगळं सुटल्यावर तो थोडा वेळ लटकून राहिला, मग वर चढला आणि स्वतःची कात खाऊन टाकली. नुकता निघालेला किडा जुन्या कातीपेक्षा इतका लांब दिसतो की तो आत मावला कसा हेच कळत नाही. या वेळी हात लावायचा नाही, फांदीसुद्धा बदलायची नाही. दोन-चार दिवस खाणं बंद करून उलटा लटकला असेल तर ओळखा आणि कपाट उघडू नका.

खायला, ज्या झाडावर सापडला त्याच झाडाच्या फांद्या. अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी भरून फांदी उभी करा आणि तोंड कापसाने गच्च बंद करा, नाहीतर पिल्लं आत उतरून बुडतात. इस्त्रीची पाणी मारायची बाटली घेऊन रोज संध्याकाळी पानांवर बारीक फवारा. ते थेंबच ते पितात आणि तेवढ्या ओलाव्याने कातही नीट सुटते. पानं घरच्याच झाडाची घ्या. हारवाल्याकडची गुलाबाची पानं अजिबात नकोत, त्यांवर काय मारलेलं असतं देव जाणे. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत डासांसाठी धूर मारून गेले, न सांगता. मी देवळात. आले तर चार किडे तळाशी. आता धुराच्या गाडीचा आवाज आला की आधी कपाट आतल्या खोलीत, मग चपला.

बडोद्याचा मे म्हणजे ४२-४३ अंश आणि कोरडी हवा. हे प्राणी मुळात दमट, उष्ण प्रदेशातले असले तरी असं भाजणारं ऊन त्यांना सोसत नाही. माठाला गुंडाळतो तसं ओलं फडकं कपाटाच्या दोन बाजूंना लावा, तिसरी मोकळी ठेवा. सगळीकडून बंद केलंत तर बुरशी येते. पंख्याखाली नको. कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, सासूबाई ठेवायच्या तशाच. त्यांचा बेत मुंग्या दुधापासून लांब ठेवायचा, माझा पिल्लांपासून.

आणि अंडी. मादी ती कुठे चिकटवत-बिकटवत नाही (काही जाती चिकटवतात, माझी नाही), बसल्या जागेवरून नुसती खाली टाकते. रात्री वर्तमानपत्रावर टिप, टिप ऐकू येतं. अंडं दोनेक मिलिमीटरचं, तपकिरी, हुबेहूब एखादं बी. भिंगातून पाहिलं तर एका टोकाला चक्क झाकण दिसतं, मडक्याला असतं तसं. पिल्लू तेच उचलून बाहेर येतं. पुष्कळ जातींत झाकणावर एक गाठ असते. जंगलात मुंग्या त्या गाठीसाठी अंडी वारुळात नेतात, गाठ खातात, अंडं तसंच टाकतात आणि ते आत सुरक्षित राहतं.

बरेचदा नराशिवायही अंडी फुटतात. जगभरच्या शाळा-कॉलेजांत जो काडीकिडा पाळतात, कॅरॉशियस मोरोसस, तो मूळचा आपल्या तमिळनाडूचा. त्याच्यात जवळजवळ सगळ्या माद्याच आणि एकेक काही शे अंडी घालते.

माझी पहिली अंडी कचऱ्यात गेली. कामवाली रमाबेन तळाचा कागद झटकत होती. मी ओरडले तर म्हणाली, "बेन, आ तो कचरो छे!" खरंच कचराच दिसतो, लेंड्या आणि अंडी सगळं एकत्र. तो तिने कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला होता. चार महिन्यांनी त्याच कुंडीत दोऱ्याएवढी तीन पिल्लं चढताना दिसली. तेव्हापासून कागद बदलायचा तो मीच, चष्मा लावून. अंडी वेचून किंचित ओल्या वाळूवर उघड्या वाटीत ठेवते, वर मलमल. तीन-चार महिने तरी विसरून जायचं. वाळू ओली गच्च केली तर बुरशी, कोरडी पडली तर पिल्लू झाकणात अडकतं.

पानकिडे, म्हणजे हुबेहूब पानासारखे, शिरांसकट, ते आपल्या कोरड्या मुलखातले नव्हेत. सह्याद्रीची दमट जंगलं, ईशान्य भारत, श्रीलंका, तिथले. पेरू त्यांनाही चालतो. पिल्लं तांबूस-काळी, मुंगीसारखी पळणारी असतात, हिरवी नंतर होतात. निबर पान त्यांना धरता येत नाही, म्हणून पानाची कड कात्रीने कापून द्यायची.

जावई हसतो, "आई, किड्यांचं एवढं?" त्याला मी ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटाची गोष्ट सांगते. १९१८ मध्ये तिथे एक जहाज खडकावर लागलं, उंदीर उतरले आणि तळहाताएवढे काळे काडीकिडे काही वर्षांत दिसेनासे झाले. २००१ साली समुद्रातल्या बॉल्स पिरॅमिड नावाच्या उभ्या खडकावर, एका झुडपाखाली, मूठभर सापडले. २००३ मध्ये त्यांतल्या दोन जोड्या आणल्या. एक जोडी मेली. मेलबर्नच्या प्राणीसंग्रहालयातली मादी आजारी पडली, तर तिला थेंबथेंब पातळ खाणं भरवून वाचवली. आज तिथे आहेत ते तिच्या वंशातले.

जास्त झालेली अंडी मी आमच्याच पेरूखाली टाकते, कारण किडे तिथलेच. पण परगावाहून किंवा परदेशातून आणलेली जात बाहेर सोडायची नाही. आपला तो तमिळनाडूचा किडा कॅलिफोर्नियात असाच पसरलाय. ती अंडी फुटू नयेत म्हणून पुडीत बांधून डीप फ्रीजमध्ये, पुडीवर मोठ्या अक्षरांत "खायचं नाही" लिहून.

भाचीला शेवटचं. दिवाळीत येशील तेव्हा त्यांना गाडीत आणू नकोस. बाटलीत ताज्या फांद्या, बाजूला ओलं फडकं, एवढ्यावर चार दिवस निघतात. पाचव्या दिवशी पानं सुकतात. शेजारणीला किल्ली देताना "केर काढू नका" एवढं कागदावर लिहून ठेव.