तोंडी गुणाकार: मधली संख्या धरा, उरलेल्या फरश्या मोजा

तोंडी गुणाकाराच्या पन्नास युक्त्या पाठ करू नका. त्यातली प्रत्येक युक्ती एका ठरावीक आकड्यालाच लागू पडते, आणि 'इथे कुठली लावायची' हे आठवेपर्यंत कागदावर उत्तर निघालेलं असतं. मी फरशीच्या दुकानात बसतो. दिवसभर लांबी गुणिले रुंदी. दहातले आठ हिशेब एकाच रीतीने होतात, त्यामुळे या लेखात जास्त जागा तिलाच दिली आहे.

वीसपर्यंत पाढे आणि पंचवीसपर्यंत वर्ग पाठ आहेत असं धरतो. नसतील तर आधी ते करा, त्याला दुसरा मार्ग नाही.

सोपं आधी उरकू.

शेवटी ५ असलेल्या संख्येचा वर्ग: ६५ घ्या. सहाला त्याच्या पुढच्या साताने गुणा: सहा साते बेचाळीस, पुढे २५, ४२२५. याच रीतीने ४५ चा वर्ग २०२५ आणि ५५ चा ३०२५ येतो. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांमध्ये ४५ आणि ५५ हे दोन्ही आकडे बसतात, कारण त्यांच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत येते: २० आणि २५ मिळून ४५, ३० आणि २५ मिळून ५५. एकदा हे पाहिलं की ते दोन वर्ग विसरणं शक्य नाही.

अकराने गुणताना दोन अंकांची बेरीज मध्ये ठेवा: ६३ चे ६९३. बेरीज दहा किंवा जास्त झाली तर हातचा डावीकडे: ८७ चे ९५७.

पंचाहत्तर, सव्वाशे, दीडशे, अडीचशे यांच्यासाठी आपल्या जुन्या अंकलिपीत तयार माल आहे, पावपट, निमपट, पाऊणपट असे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. १ एप्रिल १९५७ ला दशमान पैसे आले, सोळा आण्यांचा हिशेब संपला आणि हे पाढेही मागे पडले. फार वाईट झालं. ४८ नग ७५ रुपयांनी? अठ्ठेचाळीसची पाऊणपट छत्तीस, म्हणजे ३६००. ३६ गुणिले १२५? सव्वापट पंचेचाळीस, ४५००. २४ गुणिले ३५? औट म्हणजे साडेतीन. साडेतीनपट चौऱ्याऐंशी, ८४०. यात युक्ती कसली, ही आपली भाषाच आहे.

आता मुख्य रीत. १७ गुणिले २३. दोघांच्या बरोबर मध्ये २०, आणि दोघंही त्याच्यापासून ३ च्या अंतरावर. वीसचा वर्ग ४००, तीनचा वर्ग ९. उत्तर ३९१.

वाचायला सोपं आहे, पण मी इथेच अडकायचो. नऊ वजा करायचे की मिळवायचे? दुकानात नवीन होतो तेव्हा १७ बाय २३ च्या हॉलचे मी ४०९ चौरस फूट सांगितले. अठरा फूट जास्त, म्हणजे एका पेटीपेक्षा जास्त माल. शेजारी उभे असलेले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "भाऊ, वीस बाय वीसची खोलीच चारशे भरते. ही तिच्यापेक्षा मोठी कशी होईल?" मी म्हटलं, "पण लांबी वाढली ना?" त्यांनी काही समजावलं नाही. गोडाऊनमधल्या सुट्या फरश्या घेतल्या आणि जमिनीवर पाच बाय पाच मांडल्या. पंचवीस. वरची पाचांची ओळ उचलली आणि बाजूला उभी लावायला घेतली. पण आता बाजू चारच फरश्यांची राहिली होती. चार बसल्या आणि एक त्यांच्या हातात उरली. "ही कुठे लावू?"

चार गुणिले सहा, चोवीस. उरलेली फरशी म्हणजेच तो वजा करायचा वर्ग. दोन ओळी हलवल्या तर दोन दुणे चार उरतात, तीन हलवल्या तर नऊ. त्या दिवसापासून ही खूण माझ्याकडून एकदाही चुकलेली नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: सूत्र पाठ करू नका. नाणी, बिस्किटं, काहीही घ्या, पाच बाय पाच मांडा आणि एक ओळ स्वतःच्या हाताने हलवा. चौरस मोडला की हातात काहीतरी उरतंच, तेवढं वजा.

वर्ग काढताना हेच उलट. ६८ चा वर्ग हवा, तर एका ६८ मधले दोन काढून दुसऱ्याला द्या: ६६ गुणिले ७०, ४६२०. उरलेल्या चार फरश्या परत टाका: ४६२४. ४७ चा वर्ग: ४४ गुणिले ५०, २२००, अधिक ९, २२०९. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त वर्गाची ही रीत दिली आहे: इष्ट, म्हणजे आपण निवडलेली, संख्या एकदा वजा, एकदा अधिक करून गुणाकार घ्या आणि इष्टाचा वर्ग मिळवा.

दोन संख्यांची बेरीज विषम असेल, उदाहरणार्थ १८ आणि २३, तर मधली संख्या साडेवीस येते. काही जण तिचा वर्ग काढायला सांगतात. अजिबात करू नका. १८ गुणिले २२ करा, ३९६, आणि एक अठरा मिळवा: ४१४.

शंभराजवळच्या संख्यांची रीत सगळे उत्साहाने शिकवतात. ९७ गुणिले ९८: तीन आणि दोन कमी. ९७ मधून दोन गेले, ९५, तीन दुणे सहा, उत्तर ९५०६. उजव्या भागाला नेहमी दोन घरं, ते शून्य गाळू नका. ८८ गुणिले ८७ मध्ये बारा तेरे एकशेछप्पन्न येतात. त्यातला एक डावीकडच्या ७५ मध्ये जातो, म्हणून ७६५६. इथपर्यंत ठीक. पण हीच रीत ७३ गुणिले ६८ ला लावायची म्हणजे २७ गुणिले ३२ करत बसायचं. त्यात काय वाचलं? त्यापेक्षा सत्तर वेळा ६८ म्हणजे ४७६०, अधिक तीन वेळा ६८ म्हणजे २०४; ४९६४.

या सगळ्यात बेरीज डावीकडून करा आणि मनात शेकड्यांनी बोला: 'सत्तेचाळीसशे साठ', मग 'एकोणपन्नासशे चौसष्ट'. हातचा डोक्यात धरून उजवीकडून येणं कागदासाठी ठीक आहे. मराठीत अजून एक धोका आहे. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो, त्यामुळे घाईत ७४ लिहिलं जातं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी संख्यानावं आली तेव्हा मोठा वाद झाला, पण मुलांची अडचण खरी होती. माझा उपाय वेगळा: संख्या सुटी करून ऐकायची नाही, तिचं घर डोळ्यासमोर आणायचं. सत्तेचाळीस म्हणजे पन्नासच्या तीन पावलं अलीकडे. एकोणपन्नास, एकोणसाठ हे शब्द तर ती वजाबाकी आयतीच करून देतात.

पडताळा अंकांच्या बेरजेने घ्या. ६८ चे सहा आणि आठ चौदा, म्हणजे पाच. पाचाचा वर्ग पंचवीस, म्हणजे सात. ४६२४ चे सोळा, म्हणजे सात. जुळलं. पण अंक उलटे पडले तर ही तपासणी गप्प बसते, ४२६४ लाही सातच येतात. म्हणून आकारही बघा: ६५ चा वर्गच ४२२५ आहे, ६८ चा जेमतेम एकोणचाळीसने जास्त कसा असेल?

सरावाला समोरच्या गाडीची नंबर प्लेट घ्या. ४७६३ दिसलं की ४७ गुणिले ६३. मध्ये ५५, अंतर ८. तीस-पंचवीस आठवणीतच आहे, त्यातून चौसष्ट गेले: २९६१. पहिला आठवडा दोन्ही जोड्यांची बेरीज सम असलेलेच नंबर घ्या, विषमवाले त्यानंतर.