नोकरीला वर्ष व्हायच्या आत टीम बदलायचीय?

हिंजवडीत आयटी कंपन्यांच्या एचआरमध्ये काम करताना नवी मुलं मला पगाराइतक्याच वेळा विचारतात ते हे: "मॅडम, आयजेपी कधी भरता येईल?" आयजेपी म्हणजे इंटर्नल जॉब पोस्टिंग, कंपनीतल्याच दुसऱ्या जागेसाठी अर्ज. जाहिरात वाचून डेटाच्या कामासाठी आलेला मुलगा रात्रपाळीच्या सपोर्टला बसतो, नागपूरची मुलगी पुण्यात अडकते. मागणी रास्तच असते, पण बहुतेकांचा अर्ज पहिल्याच चाळणीत अडतो आणि ते मॅनेजरला दोष देत बसतात.

तेव्हा आधी धोरण काढून वाचा. इंट्रानेटवर एचआर पॉलिसीत ते असतंच. अर्ज करण्याआधी साधारण 12 महिने पूर्ण झालेले असण्याची अट दिसेल, काही ठिकाणी 18. आकडा सगळे वाचतात, तो कुठल्या तारखेपासून मोजायचा हे मात्र कोणी वाचत नाही. रुजू झाल्यापासून, कन्फर्मेशनपासून (प्रोबेशन संपून कायम झाल्यापासून), की सध्याच्या भूमिकेत आल्यापासून? समजा तुम्ही जुलैत रुजू झालात, तीन महिने ट्रेनिंग झालं आणि ऑक्टोबरमध्ये प्रोजेक्ट मिळाला. पहिल्या हिशोबाने पुढच्या जुलैत अर्ज करता येतो, तिसऱ्या हिशोबाने ऑक्टोबर उजाडतो. प्रोबेशन वाढवलं गेलं असेल तर मधला हिशोबही पुढे सरकतो. एचआरला हा प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. कॅन्टीनमध्ये सिनियरने सांगितलेला नियम बहुधा दोन धोरणांपूर्वीचा असतो.

सोबत आणखी दोन अटी असतात: शेवटचं रेटिंग ठरावीक पातळीच्या खाली नको, आणि तुम्ही पीआयपीवर (काम सुधारण्यासाठी दिलेल्या मुदतीवर) किंवा शिस्तभंगाच्या चौकशीत नको. नव्या माणसाला रेटिंगच मिळालेलं नसतं. अशा वेळी प्रोबेशनचा रिव्ह्यू चालतो का, तेही विचारून घ्या.

मुदत पुरी नसतानाही काही दारं उघडी असतात. क्लायंटने प्रोजेक्ट बंद केला किंवा तुम्ही बेंचवर आलात, म्हणजे हातात प्रोजेक्टच नसला, तर कंपनीलाच तुम्हाला हलवायची घाई असते. गंभीर आजारपण, जोडीदाराची बदली यांसाठी अपवाद असतो, फक्त कागद जोडावे लागतात. आणि एक बाब कंपनीच्या मेहरबानीवर नाही. लैंगिक छळाची तक्रार केलेल्या महिलेने लेखी मागणी केली तर चौकशी चालू असताना तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची दुसऱ्या ठिकाणी बदली करण्याची शिफारस अंतर्गत समिती करू शकते. 2013 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये हे आहे. तिथे कोणी "तुझे 12 महिने झाले नाहीत" म्हणालं, तर ऐकून घेऊ नका.

आता मॅनेजर. त्याला आधी सांगावं की निवड झाल्यावर? माझं मत: आधी. कित्येक कंपन्यांत अर्ज भरला की त्याला आपोआप मेल जातो, मग ते दुसरीकडून कळल्याचा राग येतो. पण हात हलवत जाऊ नका. तुम्ही गेलात की त्याचं बिलिंग, म्हणजे तुमच्या कामाचे क्लायंटकडून मिळणारे पैसे, थांबतं आणि बदली माणूस मिळेपर्यंत क्लायंटची बोलणी त्यालाच खावी लागतात. तो अडवतो ते बहुतेकदा यामुळेच. म्हणून आपल्या कामाची केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्याला काम समजेल अशी माहिती) लिहून ठेवा, टीममधल्या एकाला महिनाभर सोबत बसून काम बघू द्या आणि मगच विषय काढा: "सर, मला डेटा टीमच्या जागेसाठी अर्ज करायचाय. माझं मॉड्यूल अमुक बघू शकेल, त्याची तयारी झालीय. मार्चच्या रिलीजनंतर मला सोडता येईल का?" इतकं तयार असलं की 'नाही' म्हणायला त्याला कारण शोधावं लागतं.

निवड झाली म्हणजे सुटलात असं नाही. जुन्या टीममधून सोडण्याची तारीख मेलवर घ्या. धोरणात 30 ते 60 दिवस लिहिलेले असतात, प्रत्यक्षात "पुढचं गो-लाइव्ह होऊ दे" चालू राहतं. तारीख लेखी असेल तर एचआरला मध्ये पडता येतं, तोंडी असेल तर मीही काही करू शकत नाही. समान पातळीवरच्या बदलीत पगार सहसा वाढत नाही, तेव्हा ती अपेक्षा ठेवू नका. अप्रेझलच्या तोंडावर गेलात तर जुना मॅनेजर विसरलेला असतो आणि नव्याने तुमचं काम पाहिलेलं नसतं. निघण्यापूर्वी जुन्याकडून सिस्टीममध्ये फीडबॅक भरून घ्या.

बदली ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीत असेल तर जरा थांबा. कागदोपत्री तो राजीनामा आणि नवी नेमणूक ठरू शकते. सेवा अखंड धरली जाईल का, पुन्हा प्रोबेशन लागेल का, बाँड असेल तर त्याचं काय, हे पत्रात लिहून मागा. पीएफचा यूएएन (तुमचा कायमचा खातेक्रमांक) तोच राहतो, जुनी शिल्लक नव्या खात्यात ट्रान्सफर करा. काढून घेऊ नका, पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर साधारणपणे कर लागतो.

अमेरिकेच्या ऑनसाइटचं (तिथे जाऊन काम करण्याचं) विचारणाऱ्यांसाठी एवढंच: एल-1 या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसाला मागच्या तीन वर्षांत कंपनीत अमेरिकेबाहेर सलग एक वर्ष काम झालेलं लागतं. तो नियम अमेरिकन सरकारचा आहे, त्यात ना मॅनेजरला सूट देता येते ना मला.